श्रीकृष्ण आयोग: ज्यांच्यावर ठपका, त्यांच्याच हाती अहवाल

६ ऑगस्ट १९९८ रोजी मनोहर जोशी यांच्या सरकारने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला. तो ठेवणे भागच होते. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अहवाल हाती पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत, सरकारने त्यावर काय केले हे सांगणाऱ्या कृती अहवालासह, तो सभागृहात मांडावा लागतो. श्रीकृष्णांनी आपले काम १६ फेब्रुवारीला सरकारच्या हवाली केले होते. मुदत संपायला दहा दिवस उरले असताना अहवाल बाहेर आला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींची ही चौकशी होती. जानेवारीतल्या हल्ल्यांच्या संघटनेत शिवसेनेने पुढाकार घेतला, शाखाप्रमुखांपासून थेट शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्यापर्यंतच्या नेत्यांनी त्यांना दिशा दिली, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी लिहून ठेवला होता. ठाकऱ्यांची तुलना त्यांनी फौज हाकणाऱ्या मुरब्बी सेनापतीशी केली होती. आणि अहवाल स्वीकारायचा की फेटाळायचा, हे ठरवणारे मुख्यमंत्री त्याच सेनापतीने नेमलेले होते. सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ माझ्याच हाती आहे, हे ठाकरे जाहीरपणे सांगत असत. जोशी सरकारने निष्कर्ष नाकारले. अहवाल पूर्वग्रहदूषित, हिंदूविरोधी आणि मुस्लिमधार्जिणा असल्याचे सांगण्यात आले.

ज्या न्यायाधीशावर हिंदूविरोधी असल्याचा शिक्का बसला, तो माणूस श्रद्धाळू हिंदू आणि संस्कृतचा व्यासंगी म्हणून उच्च न्यायालयाच्या वर्तुळात ओळखला जात होता. पण त्या आरोपाला उत्तर न्यायाधीशाच्या खासगी श्रद्धेत शोधण्याचे कारण नाही. उत्तर अहवालातच आहे, आणि ते वाचायला सोपे नाही, कारण त्यात कोणालाच सोडलेले नाही.

६ डिसेंबर १९९२ ला दुपारी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. संध्याकाळपर्यंत बातमी मुंबईभर झाली. धारावीत शिवसेनेच्या स्थानिक पुढाऱ्यांनी आनंद साजरा करणारी सायकल फेरी काढली. रात्री पायधुणीच्या मिनारा मशिदीजवळ संतापलेले मुसलमान जमू लागले. पुढचे काही दिवस हे जमाव बसवर, पोलिसांवर, देवळांवर धावून गेले. पोलीसही मारले गेले. या पहिल्या फेरीतला मुस्लिम जमावांचा हिंसाचार अहवालाने लपवलेला नाही. मात्र तो संताप उत्स्फूर्त आणि नेतृत्वहीन होता, त्यामागे आधी आखलेला कट दिसत नाही, असे आयोगाने म्हटले. पोलिसांनी जमाव पांगवण्यासाठी गोळीबार केला तो इतका सढळ आणि इतका एकतर्फी की मेलेल्यांत मुसलमानांची संख्या फार मोठी निघाली. आठवड्याभरात शहर वरवर शांत झाले.

खरा प्रश्न मधल्या तीन आठवड्यांचा आहे. दंगलीवर बोलताना लोक डिसेंबरवरून एकदम जानेवारीवर उडी मारतात, आणि त्या उडीतच ‘क्रिया’ आणि ‘प्रतिक्रिया’ अशी सोयीची गोष्ट तयार होते. २६ डिसेंबरपासून मुंबईत महाआरत्या सुरू झाल्या. शुक्रवारच्या रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून देवळांसमोर हजारोंनी जमायचे, आरती करायची, भाषणे ऐकायची, आणि मग हा जमाव घरी परतताना वाटेतल्या मुसलमानांच्या दुकानांवर, वस्त्यांवर तुटून पडल्याचे प्रसंग घडले. आयोगाने पोलीस ठाण्यांच्या नोंदींवरून हे प्रसंग टिपले. २७ डिसेंबरला निर्मलनगर भागातल्या सभेत शिवसेनेचे आमदार मधुकर सरपोतदार यांचे भाषण झाले. त्याचा निकाल लागायला पुढे साडेपंधरा वर्षे जायची होती. शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’चे अग्रलेख रोज येत होते. पोलिसांना हे सगळे दिसत होते. महाआरती हा धार्मिक कार्यक्रम आहे, त्यावर जमावबंदी लावता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. डिसेंबरमध्ये जमावांवर तत्परतेने गोळ्या झाडणारे पोलीस दल या जमावांपुढे हात बांधून उभे राहिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डोंगरीत गोदामात झोपलेल्या माथाडी कामगारांच्या हत्या झाल्या. मुस्लिमबहुल भागांत काही गुंडांनी वाटेत सापडलेल्या निरपराध हिंदूंना भोसकले. ७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर जोगेश्वरीच्या गांधी चाळीत, जी पुढे राधाबाई चाळ म्हणून देशभर माहीत झाली, एका खोलीला बाहेरून कडी लावून आग लावण्यात आली. आत हिंदू कुटुंबे होती. सहा माणसे जळून मेली, त्यांत बहुतेक बायका होत्या. या क्रौर्याबद्दल अहवालात कुठे हात आखडता घेतलेला नाही. पण त्यानंतरच्या दिवसांत जे झाले ते रागाच्या भरात घडले नाही, हेही त्याने तितक्याच ठामपणे मांडले. मतदारयाद्या आणि दुकानांच्या याद्या हातात घेऊन माणसे फिरली, मुसलमानांची घरे आणि धंदे वेचून काढले गेले. रागाला यादी लागत नाही. यादी करायला वेळ लागतो, शाखा लागते, कोणाचे घर कुठे आहे हे सांगणारा माणूस लागतो.

या भागातली सर्वांत जड साक्ष एका तरुण पत्रकाराची होती. ‘आपलं महानगर’चे वार्ताहर युवराज मोहिते यांनी आयोगापुढे शपथेवर सांगितले की, ८ जानेवारीला ते महापौर चंद्रकांत हंडोरे यांच्याबरोबर ठाकऱ्यांच्या निवासस्थानी, ‘मातोश्री’वर, गेले होते आणि तिथे ठाकरे फोनवरून शिवसैनिकांना हल्ल्यांच्या सूचना देत असल्याचे त्यांनी स्वतः ऐकले. हंडोरे यांनी त्याला दुजोरा दिला नाही. मोहित्यांची उलटतपासणी झाली. न्यायमूर्तींनी त्यांची साक्ष विश्वासार्ह मानली. महानगरपालिकेत, पोलिसांत, रस्त्यावर ज्या संघटनेचा शब्द चालत होता तिच्या प्रमुखाविरुद्ध एक वार्ताहर उभा राहिला, हे त्या काळातल्या मुंबईत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

त्या वेळी राज्यात शिवसेनेचे सरकार नव्हते, काँग्रेसचे होते. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. ६ ते १० जानेवारी हे चार मोलाचे दिवस लष्कराचा परिणामकारक वापर करण्याबाबतचे आदेश काढण्यात वाया गेले, असे आयोगाने नमूद केले. लष्कराच्या तुकड्या शहरात होत्या, पण त्यांचे काम बराच काळ संचलन करण्यापुरते राहिले. पोलीस आयुक्त श्रीकांत बापट यांच्यावरही ताशेरे आले. एका धर्माच्या लोकांना पोलीस दलाने शत्रू मानले, हा अहवालाचा दुसरा मोठा निष्कर्ष. त्याने ३१ पोलीस अधिकारी-कर्मचाऱ्यांना दोषी धरले. ९ जानेवारीला मोहम्मद अली रस्त्यावरच्या सुलेमान उस्मान बेकरीत विशेष पथक शिरले आणि तिथे निःशस्त्र माणसे मारली गेली. त्या कारवाईचे नेतृत्व सहआयुक्त आर. डी. त्यागी करत होते. १० जानेवारीला वडाळ्याच्या हरी मशिदीत नमाजाला जमलेल्यांवर गोळीबार झाला. तिथे खांद्याला गोळी लागलेल्या बँकेतल्या एका कर्मचाऱ्यावर उलट दंगलीचाच गुन्हा दाखल झाला. तो निर्दोष सुटला २००९ मध्ये.

हिंसाचार २० जानेवारीपर्यंत चालला. आयोगाच्या हिशेबाने दोन्ही फेऱ्यांत ९०० माणसे गेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकल्यामुळे ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२ आणि अन्य कारणांनी ४. जखमी २,०३६. दंगलीत मेलेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के लोक सरकारी बंदुकीने मेले, हा आकडा मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत छापला जायला हवा.

२५ जानेवारी १९९३ रोजी नाईक सरकारने आयोग नेमला. उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश श्रीकृष्ण तेव्हा पन्नाशीत होते. आयोगासमोर २,१२६ प्रतिज्ञापत्रे आली, त्यांतली ५४९ पोलिसांची. ५०२ साक्षीदार तपासले गेले. एकेक पोलीस ठाणे घेऊन न्यायमूर्तींनी त्या हद्दीतली वायरलेस नोंद, ठाणे डायरी, शवविच्छेदन आणि साक्ष एकमेकांशी ताडून पाहिली. शिवसेनेचे वकील हजर राहून उलटतपासणी करत होते. ‘आमची बाजू ऐकलीच नाही’ असे म्हणण्याची सोय या कामकाजाने कोणालाही ठेवली नाही. महाराष्ट्राला अशा चौकशा नव्या नव्हत्या. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, तिचे लोण जळगाव आणि महाडला गेले. त्यावर न्यायमूर्ती डी. पी. मादन यांनी अवाढव्य अहवाल लिहिला आणि पोलिसांच्या तपासातला पक्षपात पानोपानी दाखवून दिला. वीस वर्षांनी श्रीकृष्णांना तीच दुखणी पुन्हा नोंदवावी लागली.

आयोगाचे काम चालू असताना राज्य बदलले. मार्च १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेस ८० जागांवर आली. शिवसेनेला ७३, भाजपला ६५. १४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. आता ज्या पोलिसांची चौकशी चालली होती ते पोलीस, ज्या कागदपत्रांवर चौकशी उभी होती ती कागदपत्रे, आणि आयोगाचा पगार-खर्चसुद्धा त्या पक्षाच्या हातात गेला ज्याच्याविरुद्ध साक्षी नोंदवल्या जात होत्या. सुलेमान बेकरीच्या कारवाईत होते ते त्यागी याच काळात मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला.

त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत एक निकाल लागला, ज्याची सावली या सगळ्यावर पडली. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले होते; प्रचारात ठाकऱ्यांनी केलेल्या भाषणांत धर्माच्या नावाने मते मागितली म्हणून उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली होती. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. याच निकालामुळे पुढे ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी मनोहर जोशी सुटले. १९९० च्या निवडणुकीत शिवाजी पार्कवरच्या सभेत पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल असे ते बोलले होते, आणि त्यावरून उच्च न्यायालयाने त्यांची आमदारकी रद्द ठरवली होती. असे बोलणे म्हणजे धर्माच्या नावाने मते मागणे नव्हे, ती फार तर आशा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ‘हिंदुत्व निकाल’ या नावाने तो ओळखला जातो. मुख्यमंत्र्यांची खुर्ची शाबूत राहिली.

सहा आठवडे उलटले. २३ जानेवारी १९९६ रोजी, शिवसेनाप्रमुखांच्या सत्तराव्या वाढदिवशी, राज्य सरकारने श्रीकृष्ण आयोग गुंडाळला. चौकशीला फार वेळ लागतो आहे आणि तिने जुन्या जखमा उघड्या होतील, असे कारण देण्यात आले. तीन वर्षे कोर्टाच्या जिन्यावर खेटे घालून ज्यांनी आपल्या मेलेल्या माणसांबद्दल शपथेवर सांगितले होते, त्यांना आता जखमा न उघडण्याचा सल्ला मिळाला. निषेध मोठा झाला. वकील, निवृत्त न्यायाधीश, पत्रकार, नागरिकांच्या समित्या बोलल्या. पण आयोग पुन्हा उभा राहिला तो दिल्लीतल्या एका तेरा दिवसांच्या सरकारामुळे. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले, बहुमत सिद्ध करायचे होते, आणि मुंबईतल्या मित्रपक्षाच्या सरकारने दंगलीची चौकशी बंद केली ही गोष्ट अडचणीची होती. त्यांच्या सूचनेवरून २८ मे रोजी आयोगाची पुनर्स्थापना झाली. चौकशीच्या कक्षेत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही आणले गेले, कारण दंगलीची गोष्ट स्फोटांपर्यंत नेली तर तिचे वजन बदलेल असे सरकारला वाटत होते.

न्यायमूर्तींनी तेही पाहिले. स्फोटांची पार्श्वभूमी दंगलींमध्ये आहे, सूड हे एक कारण आहे, असा संबंध त्यांनी मांडला. सरकारला हवी होती ती गोष्ट यातून मिळाली नाही.

बॉम्बस्फोट आणि दंगल या दोन गुन्ह्यांच्या पुढच्या प्रवासाची तुलना मुंबईच्या बाहेरूनही करता येते. पुण्यात येरवडा मध्यवर्ती कारागृह आहे. २०१३ च्या मे महिन्यात तिथे अभिनेता संजय दत्त याला आणले गेले आणि २५ फेब्रुवारी २०१६ ला सोडले गेले, तेव्हा बाहेर कॅमेऱ्यांची गर्दी उसळली होती. स्फोटांच्या खटल्यात त्याच्यावरचा टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचा आरोप टिकला नाही. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. दंगलीत कुटुंबाच्या जिवाची भीती वाटली, म्हणून शस्त्र घेतले, असे त्याचे म्हणणे होते. याच स्फोट खटल्यात न्यायाधीश प्रमोद कोदे यांच्यापुढे १२३ आरोपी होते, १०० दोषी ठरले, आणि याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूरला फाशी झाली. स्फोटांत २५७ माणसे मेली होती, खटला चालायलाच हवा होता, शिक्षा व्हायलाच हव्या होत्या. पण ११ जानेवारी १९९३ ला, दंगल भडकलेली असताना, निर्मलनगर भागात लष्कराच्या गस्तीने आमदार सरपोतदारांची गाडी अडवली होती आणि गाडीत शस्त्रे सापडली होती. सरपोतदार आमदार राहिले. १९९६ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले, १९९८ मध्ये पुन्हा गेले. येरवड्याला बेकायदा शस्त्रासाठी जो कैदी आला, त्याच्या आणि या आमदाराच्या वाट्याला आलेल्या कायद्यात फार अंतर आहे. हे अंतर मोजल्याशिवाय १९९३ समजत नाही.

अहवालाचे कायदेशीर बळ किती, हेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ लोकांना वाटते की आयोगाने दोषी ठरवले म्हणजे शिक्षा व्हायला हवी. चौकशी आयोगाचा अहवाल हा न्यायालयाचा निकाल नसतो. तो सरकारला बंधनकारक नसतो. आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. पोलिसांनी वेगळा तपास करून, वेगळे पुरावे जमवून, न्यायालयात नव्याने खटला उभा करायचा असतो. म्हणून सगळे काही सरकारच्या इच्छेवर येऊन थांबते. चिथावणीखोर भाषण आणि लेखन यांच्या खटल्याला तर सरकारची पूर्वपरवानगीच लागते. माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी १९९३ मध्येच ‘सामना’च्या अग्रलेखांवर खटला भरण्याचा आदेश सरकारला द्यावा म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. त्या वेळी राज्य काँग्रेसचे होते. शिवसेना-भाजप युतीचे सरकार आल्यावर ठाकऱ्यांवरचे काही खटले मागेच घेतले गेले.

१९९८ मध्ये अहवाल फेटाळला गेला तरी तो दडपता आला नाही. खासगी प्रकाशनाने तो छापला आणि तो लोकांच्या हातात पडला. मदनपुरा, बेहरामपाडा, जोगेश्वरी इथल्या माणसांनी आपल्या गल्लीचे नाव, आपल्या पोलीस ठाण्याचे नाव शोधत त्याची पाने चाळली. काँग्रेस आणि नव्या राष्ट्रवादी काँग्रेसने १९९९ च्या निवडणुकीत अहवालाची अंमलबजावणी करण्याचे वचन दिले. सरकार आले. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि गृहखाते छगन भुजबळांकडे गेले, जे १९९१ च्या डिसेंबरपर्यंत शिवसेनेत होते.

२५ जुलै २००० रोजी ठाकऱ्यांना ‘सामना’च्या १९९३ च्या अग्रलेखांवरून अटक झाली. मुंबई बंद होती, रस्त्यांवर पोलीस होते, दंगल पुन्हा पेटते की काय अशी धास्ती होती. न्यायालयात मात्र प्रकरण तासाभरातही टिकले नाही. खटला भरण्याची मुदत कधीच उलटून गेल्याचे दंडाधिकाऱ्यांनी सांगितले आणि ठाकरे घरी परतले. सात वर्षे एकेका सरकारने परवानगी देण्याचे टाळायचे, आणि मग मुदत संपल्यावर अटकेचा देखावा उभा करायचा: शिवसेनेच्या सत्तेपेक्षा वेगळे वागण्याची एकमेव संधी या सरकारने अशी घालवली. दोन पक्षांच्या सरकारांत दंगलीच्या बाबतीत फरक कमी आणि साम्य जास्त, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

बाकीचे काम विशेष कृती दलाकडे गेले. पुराव्याअभावी बंद केलेले तेराशेहून अधिक गुन्हे होते. दलाने त्यांतले फारच थोडे पुन्हा उघडले. त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर सुलेमान बेकरीचा गुन्हा नोंदवला गेला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागींना दोषमुक्त केले, उच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच झाले. राधाबाई चाळीच्या खटल्यात टाडा न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले होते; १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची सुटका केली. त्या खोलीत जळालेल्या बायकांनाही न्याय मिळाला नाही. ज्या चाळीचे नाव घेऊन इतकी वर्षे मते मागितली गेली, तिच्या खऱ्या गुन्हेगारांचा माग काढण्याची तळमळ मात्र कोणत्याच सरकारने दाखवली नाही.

२७ डिसेंबर १९९२ च्या त्या भाषणाबद्दल सरपोतदार जुलै २००८ मध्ये दोषी ठरले. एक वर्षाची शिक्षा झाली, जामीन मिळाला, अपील दाखल झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. १९९२-९३ च्या दंगलींबद्दल एखाद्या मोठ्या राजकीय नेत्याला शिक्षा झाल्याचे हे एवढे एक उदाहरण.

मनोहर जोशी पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाला. ठाकऱ्यांच्या पार्थिवाला नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. श्रीकृष्ण सर्वोच्च न्यायालयावर गेले, निवृत्तीनंतरही देशाने त्यांना अनेक समित्या दिल्या. विदासंरक्षण कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये त्यांच्याच समितीने लिहिला. ज्या माणसाचा मुंबईवरचा अहवाल पक्षपाती ठरवून नाकारला गेला, त्याच्या निःपक्षपातीपणावर नंतरच्या सरकारांनी, भाजपच्याही सरकारने, वारंवार भरवसा ठेवला.

मुंबईत आजही दंगलीच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत शिवसेनेने हिंदूंना वाचवले. ती चाळींमध्ये, गणेशोत्सवाच्या मंडपांत, निवडणुकीच्या सभांत सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचा तिच्यावर मनापासून विश्वास असतो, कारण जानेवारीच्या रात्री गच्चीवर दगड गोळा करून पहारा देताना त्यांना खरेच भीती वाटली होती. त्या भीतीचा अपमान करण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट मुंब्र्यात सांगितली जाते, जिथे दंगलीनंतर मुंबई सोडलेली हजारो मुस्लिम कुटुंबे राहायला गेली. या दोन गोष्टींना एका टेबलावर आणणारा एकच दस्तऐवज आहे, आणि तो सरकारनेच तयार करवून घेतला, सरकारच्याच पैशाने, सरकारच्याच पोलिसांच्या डायऱ्यांवरून. त्याच्याशी असहमत होता येते. त्यातल्या साक्षी पुन्हा तपासा, एखाद्या ठाण्याचा निष्कर्ष चुकला असेल तर पुराव्यानिशी दाखवा. १९९८ च्या कृती अहवालाने हे केले नाही. त्याने न्यायाधीशाला विशेषण लावले, आणि सत्तेत असल्यामुळे ते विशेषण पुरले.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय किशन कौल, अभय ओक आणि विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने एका जुन्या याचिकेवर निकाल दिला. दंगलीत कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरले आणि नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचे उल्लंघन झाले, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तीस वर्षांनी ९७ फौजदारी खटले अजून निष्क्रिय फायलींत पडून असल्याचे न्यायालयाला आढळले आणि त्यांतले आरोपी शोधायला सांगावे लागले. पोलीस दलाबाबत आयोगाने केलेल्या ज्या शिफारशी सरकारने मान्य केल्या होत्या, त्या लवकर अमलात आणा, असेही सांगावे लागले.

दंगलीत १६८ माणसे बेपत्ता झाली होती. जोशी सरकारने, अहवाल सभागृहात मांडण्याच्या पंधरवडाभर आधी, २२ जुलै १९९८ रोजी अशा बेपत्ता लोकांच्या वारसांनाही दोन लाख रुपये देण्याचा निर्णय काढला होता. २०२२ पर्यंत त्यांतल्या ६० जणांच्या वारसांना पैसे मिळाले होते. उरलेल्या १०८ कुटुंबांचे पत्ते सापडत नव्हते किंवा कागद पुरे नव्हते. चाळी गेल्या होत्या, लोक शहर सोडून गेले होते. महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली एक समिती नेमून या वारसांचा शोध घ्यावा, आणि प्रत्येकाला दोन लाख रुपये २२ जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह द्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला.